सोडल्यानंतरचा रकाना: प्राणी बचाव आणि वन्यजीव संवर्धन संस्थांना खुले पत्र

प्रति,
प्राणी बचाव आणि वन्यजीव संवर्धनाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे विश्वस्त, पशुवैद्य आणि कार्यकर्ते यांस,

विषय: मुक्त केलेल्या प्राण्यांचा पुढील मागोवा घेऊन तो जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अनेक वर्षे मी एका बचाव केंद्रात नोंदवही लिहिण्याचे काम केले. फोन कोणाचा आला, प्राणी कुठे आणि कोणत्या अवस्थेत सापडला, वजन किती भरले, कोणते औषध किती वेळा दिले आणि शेवटी त्याचे काय झाले, एवढे त्या वहीत लिहावे लागे. शेवटच्या रकान्यात चार नोंदींपैकी एक येई: मुक्त, मृत, हस्तांतरित किंवा उपचार सुरू. त्यांतला 'मुक्त' हा शब्द लिहिताना मला दरवेळी समाधान वाटे. त्या रकान्याच्या पुढे वहीत जागाच नव्हती, हे मात्र माझ्या लक्षात यायला एक घार यावी लागली.

पंखाचे हाड मोडलेली ती घार आमच्याकडे सहा आठवडे होती. हाड जुळले, जखम भरली, खाणे सुधारले, आणि एका सकाळी देणगीदार व छायाचित्रकार यांच्या उपस्थितीत तिला सोडण्यात आले. ती उडाली, झाडांच्या शेंड्यांपलीकडे दिसेनाशी झाली, टाळ्या वाजल्या आणि मी वहीत 'मुक्त' असे लिहिले. चौथ्या दिवशी जवळच्याच भागातून फोन आला की एक घार झाडाखाली बसून आहे आणि माणूस जवळ गेला तरी उडत नाही. तिला आणले तेव्हा पंखावरच्या टाक्यांच्या खुणेवरून मी तिला ओळखले. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे वर आले होते. म्हणजे सोडल्यापासून तिला बहुधा एकदाही पोटभर खायला मिळाले नव्हते. नुसते उडता येणे आणि तासन्‌तास घिरट्या घालून, नेमकी झेप घेऊन पोट भरता येणे यांत जे अंतर असते, ते आमच्या लहानशा पिंजऱ्यात आम्ही तपासलेच नव्हते. त्या रात्री ती मेली. जुना क्रमांक पुन्हा उघडण्याची पद्धत नसल्यामुळे तिला नवा क्रमांक देण्यास मला सांगण्यात आले आणि तो मी दिला. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात ती एकच घार दोनदा मोजली गेली: एकदा यशस्वीपणे मुक्त केलेल्या पक्ष्यांत आणि एकदा उपचारादरम्यान दगावलेल्या पक्ष्यांत. फसवण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. सोडलेला प्राणी परत येऊ शकतो, ही शक्यता वहीच्या आखणीत कुणी धरलेलीच नव्हती.

आपल्या कामाविषयी मला किती आदर आहे हे सांगत बसले तर पत्राचा अर्धा भाग त्यातच जाईल. रात्री दोन वाजता विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी दोर घेऊन निघणारी, चावे आणि ओरखडे अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येणारी, मानधन महिनोन्‌महिने थकले तरी पिलांना दर दोन तासांनी पाजायला उठणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या कष्टांचे पुढे नेमके काय झाले, हे त्यांनाही कळायला हवे, म्हणून हे लिहिते आहे. माझे मागणे एकच आहे: प्राणी सोडला की काम संपले असे न मानता, त्याचे पुढे काय झाले हे शोधण्याची, लिहून ठेवण्याची आणि ते जसे असेल तसे जाहीर करण्याची जबाबदारी आपण घ्यावी.

आज बहुतेक अहवालांत ठळक असतो तो वाचवलेल्या प्राण्यांचा आकडा. हा आकडा फोन वाढले की वाढतो, संस्थेचे नाव झाले की वाढतो, आणि बागेत आलेला निरुपद्रवी साप उचलून दूर नेऊन सोडला तरी वाढतो. प्राणी जगला की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. ज्यांनी ज्यांनी सोडलेल्या प्राण्यांचा पाठपुरावा करण्याचे धैर्य दाखवले, त्यांच्या हाती अनेकदा अस्वस्थ करणारी उत्तरे आली, आणि ती त्यांनी लपवली नाहीत म्हणूनच आज आपल्याला काही शिकता येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तेलगळतीत सापडलेल्या तपकिरी पेलिकनांना धुऊन, बरे करून आणि रेडिओ ट्रान्समीटर लावून सोडण्यात आले होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तेल न लागलेल्या पेलिकनांच्या तुलनेत हे पक्षी फार लवकर नाहीसे झाले आणि त्या काळात ते वीण घालतानाही आढळले नाहीत. सोडतानाची छायाचित्रे पाहून हे कोणालाही कळले नसते.

सापांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे, कारण बचावाच्या एकूण फोनांत सापांचे फोन बहुधा सर्वांत जास्त असतात आणि 'दूरच्या जंगलात सोडले' हे वाक्य आपल्याकडे सर्वांत सहज लिहिले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापांवर झालेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. परक्या भागात नेऊन सोडलेले साप तिथल्या मूळ सापांपेक्षा कितीतरी अधिक भटकले आणि अभ्यासाच्या काळात त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मेले, तर मूळ सापांपैकी साधारण नऊंत एक मेला. कारण समजायला कठीण नाही. आपल्या परिसरातले बीळ कुठे आहे, उन्हात अंग कुठे शेकायचे, थंडी कुठे काढायची आणि भक्ष्य कुठल्या वाटेने येते, हे सापाला माहीत असते. दहा किलोमीटरवर नेऊन सोडले की हे सारे ज्ञान निरुपयोगी होते. माणसाच्या दृष्टीने जंगल म्हणजे जंगल. सापाच्या दृष्टीने ते अनोळखी जंगल असते.

प्राणी दूर नेऊन सोडण्याची किंमत कधी कधी माणसांनाही मोजावी लागते. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून अन्यत्र सोडण्यात येऊ लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते या स्थलांतरांनंतर वर्षाला सरासरी १७ वर गेले. पकडणाऱ्यांचा हेतू माणसे आणि बिबटे दोघांनाही वाचवण्याचाच होता. तो उपाय उलटत होता, हे कळले ते मात्र कोणीतरी पकडण्याची ठिकाणे, सोडण्याची ठिकाणे आणि हल्ल्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या म्हणून.

जप्तीच्या मोठ्या कारवायांनाही हेच लागू आहे. थायलंडमधील एका मंदिरात पाळलेले वाघ २०१६ मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतले, तेव्हाची दृश्ये जगभर पाहिली गेली. आधी आणि तेव्हा मिळून ताब्यात आलेल्या १४७ वाघांपैकी ८६ वाघ २०१९ पर्यंत मेले होते. जवळच्या नात्यातल्या संकरामुळे आलेली दुर्बलता आणि श्वसनाचे व विषाणूजन्य आजार ही त्यामागची कारणे सांगण्यात आली. मंदिरातल्या स्थितीत त्यांना ठेवायला हवे होते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण सुटकेच्या दिवशी जमलेल्या कॅमेऱ्यांपैकी किती जण तीन वर्षांनी परतले, आणि जप्तीपूर्वीच पुढच्या पंधरा वर्षांच्या उपचारांची, जागेची आणि खर्चाची आखणी झाली होती का, हे प्रश्न विचारणे आपल्या क्षेत्राचेच काम आहे.

या उलट, मागोवा घेतल्याने काय साधते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मला दक्षिण आफ्रिकेतील पेंग्विनांचे वाटते, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. केपटाऊनमध्ये १९६८ पासून सँकॉब ही संस्था समुद्रपक्ष्यांच्या बचावाचे काम करते. १९९४ मध्ये 'अपोलो सी' हे जहाज बुडाले तेव्हा सुमारे १०,००० पेंग्विन तेलाने माखले आणि त्यांपैकी जेमतेम निम्मे वाचले. वाहतुकीत, दाटीवाटीत आणि उष्णतेत पक्षी कसे दगावतात याचे धडे त्या वेळी नोंदवले गेले. जून २००० मध्ये 'ट्रेझर' हे जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांजवळ बुडाले, तेव्हा ते धडे उपयोगी पडले. सुमारे १९,००० माखलेले पेंग्विन धुण्यासाठी आणले गेले आणि त्यांतले ९० टक्क्यांच्या आसपास वाचून समुद्रात परतले. तेल न लागलेल्या आणखी सुमारे १९,५०० पेंग्विनांना पकडून किनाऱ्याने शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले गेले, या हिशेबाने की ते पोहत घरी पोहोचेपर्यंत पाणी स्वच्छ झालेले असेल. त्यांतल्या पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावली होती, आणि त्यांचा परतीचा प्रवास लोकांनी दिवसामागून दिवस पाहिला.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने खरे मोल आहे ते त्यानंतरच्या वर्षांचे. धुतलेल्या पक्ष्यांना कडी घालून संशोधकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. हे पक्षी टिकून राहतात आणि वसाहतीत परत येऊन जोड्याही जमवतात, हे त्यातून समजले. त्यांची पिले मात्र इतरांच्या पिलांपेक्षा कमी प्रमाणात मोठी होतात, हेही समजले. धुऊन बरा केलेला पक्षी आणि मुळात तेलच न लागलेला पक्षी एकसारखे नसतात, ही नोंद करायला बचाव करणाऱ्यांना संकोच वाटला नाही. वसाहती मोजण्याचे काम चालू राहिल्यामुळे आणखी एक मोठी गोष्ट उघड झाली: तेलापासून वाचलेल्या या पेंग्विनांना खायला पुरेसे सार्डिन आणि अँचोव्ही मासे उरत नव्हते. २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विनाची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत करण्यात आली. त्याच वर्षी सँकॉबने बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्थेबरोबर न्यायालयात धाव घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये सहा वसाहतींभोवतीच्या समुद्रात व्यावसायिक मासेमारीवर निर्बंध घालणारा तडजोडीचा आदेश मिळवला. पक्षी धुणाऱ्या संस्थेला समुद्रातल्या माशांसाठी न्यायालयात उभे राहावेसे वाटले, कारण पक्षी सोडून दिल्यावरही तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली नव्हती.

इथे बचाव आणि संवर्धन यांच्यातल्या फरकाविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्यापैकी अनेक संस्थांच्या नावात हे दोन्ही शब्द जोडीने येतात आणि अहवालातही त्यांचा हिशेब एकत्रच दिला जातो. बचावात एका जिवाचे दुःख कमी करायचे असते. संवर्धनात त्या जातीची संख्या, तिचा अधिवास आणि तिची पुढची पिढी पाहायची असते. दोन्ही कामे चांगली आहेत, पण पहिल्यातले यश हे आपोआप दुसऱ्यातले यश ठरत नाही, आणि क्वचित पहिले दुसऱ्याच्या आड येते. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील काळ्या रॉबिनची कथा मला या संदर्भात नेहमी आठवते. १९८० मध्ये या पक्ष्याचे जगात पाचच जीव उरले होते आणि वीण वाढवू शकणारी मादी एकच होती. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफाट कष्टांनी ती जात वाचवली. त्या काळात काही माद्या घरट्याच्या मध्यभागी अंडे घालण्याऐवजी काठावर घालत, आणि तिथे राहिलेले अंडे उबत नसे, म्हणून कार्यकर्ते ते अलगद आत सरकवत. पक्षी इतके थोडे होते की एकेक अंडे मोलाचे होते. मीही तेच केले असते. पण या सवयीमागे आनुवंशिकता होती, आणि वाचवलेल्या अंड्यांतून ती पसरत गेली, इतकी की १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या होत्या. अंडी सरकवणे थांबवल्यानंतर हे प्रमाण उतरत गेले आणि २०११ पर्यंत ते ९ टक्क्यांवर आले. २०१३ मध्ये संशोधकांना हे सारे उलगडून दाखवता आले, कारण कोणत्या मादीने कुठे अंडे घातले आणि ते कोणी सरकवले याच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. आपल्या वह्यांतून तीस वर्षांनी कोणाला असे काही शिकता येईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा माझ्याजवळ चांगले उत्तर नसते.

गिधाडांचा अनुभव याहूनही मोठा आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. माना टाकून बसलेली गिधाडे उचलून आणून कितीही उपचार केले असते तरी ही घसरण थांबली नसती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी घट नोंदवली, अनेक देशांत मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने झाली, त्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला, आणि पाकिस्तानातील मृत पक्ष्यांवर काम करणाऱ्या पेरेग्रिन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या चमूने गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत माग काढला. तो निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारतासह शेजारच्या देशांनी या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलेल्या पक्ष्यांनी हे उत्तर दिले. आपल्या केंद्रांत 'मृत' असा शेरा मारून ज्या प्राण्यांना आपण पुरतो किंवा जाळतो, त्यांच्यापैकी किती जणांच्या मृत्यूचे कारण आपण तपासतो? शवविच्छेदनाला छायाचित्रात स्थान नसते, देणगीदारालाही ते दाखवता येत नाही. पण एखाद्या भागातून एकाच लक्षणाचे दहा पक्षी आले तर ते सर्वांत आधी आपल्याच वहीत दिसणार आहे, आणि कारणाचा रकाना रिकामा असेल तर कोणालाच दिसणार नाही.

दोन्ही बाजूंनी प्रामाणिक मोजमाप केले तर भांडणेही मिटतात, याचा दाखला स्कॉटलंडच्या युइस्ट बेटांवर मिळतो. १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खाण्यासाठी तिथे मुद्दाम सोडलेल्या काटेमूषकांची, म्हणजे हेजहॉगांची, संख्या वाढत गेली आणि ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी खाऊ लागले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी २००३ पासून सरकारी संस्थेने काटेमूषकांना मारण्यास सुरुवात केली, आणि प्राणीप्रेमी संस्था त्यांना पकडून मुख्य भूमीवर नेऊ लागल्या. दुसरीकडे नेलेले प्राणी हळूहळू मरतील, असे एका बाजूचे म्हणणे होते. ते जगतील, असे दुसऱ्या बाजूचे होते. अखेर ट्रान्समीटर लावून पाहिले गेले, योग्य वजनाचे निरोगी प्राणी जगतात असे दिसले, आणि २००७ मध्ये मारण्याचे काम थांबवून स्थलांतराचा मार्ग स्वीकारण्यात आला. चार वर्षांचा कडवटपणा मोजमापाने संपला.

पिलांविषयी थोडक्यात लिहिते, कारण हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जमिनीवर उड्या मारणारे, आखूड शेपटीचे, पिसे फुटलेले पिलू बहुतेक वेळा अनाथ नसते. त्याचे आईवडील जवळच कुठेतरी चारा घेऊन थांबलेले असतात. गवतात निश्चल बसलेल्या हरणाच्या पाडसाचेही तसेच. अशा फोनवर 'उचलू नका, लांबून पाहा' असे सांगून केलेली मदत आकड्यात कुठेच येत नाही, आणि म्हणून ती देण्याची प्रेरणाही कमी होते. ज्या प्राण्याला आणावेच लागले नाही, त्याची नोंद ठेवायला सुरुवात करा. माझ्या मते ती वहीतली सर्वांत अभिमानाची नोंद ठरेल.

कॅमेऱ्याबद्दल मला अधिक कठोरपणे लिहावे लागत आहे. प्राण्याला हातात धरून, मिठीत घेऊन किंवा सापाला फणा काढायला लावून केलेली चित्रफीत निधी आणते, हे खरे आहे. पण पाहणाऱ्याच्या मनात ती कोणती इच्छा जागवते, हे मंद लोरिस या निशाचर प्राण्याच्या बाबतीत जगाने पाहिले आहे. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या पाळीव लोरिसच्या चित्रफिती लोकांना गोड वाटल्या. प्रत्यक्षात हात वर करणे ही त्याची बचावाचा पवित्रा घेण्याची रीत आहे, कारण कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळून त्याचा दंश विषारी होतो. व्यापारी त्याचे पुढचे दात भूल न देता कापतात. असा प्राणी जप्त होऊन केंद्रात आला तरी दातांवाचून त्याला झाडाचा डिंक खरवडता येत नाही आणि स्वतःचे रक्षणही करता येत नाही. तो पुन्हा रानात जाऊ शकत नाही. जावामध्ये दात शाबूत असलेले लोरिस सोडून त्यांचा रेडिओद्वारे माग घेतला गेला तेव्हाही बरेच मेल्याचे आढळले. याहून वाईट म्हणजे, प्राण्याला मुद्दाम संकटात टाकून त्याच्या 'सुटकेचे' चित्रण करणारे लोक आता आहेत, आणि २०२१ मध्ये यूट्यूबला अशा बनावट सुटकांवर बंदी जाहीर करावी लागली. खऱ्या संस्था आणि हे लोक यांच्यात सामान्य प्रेक्षकाने फरक कसा करावा? सोडल्यानंतरचा हिशेब हा त्यातला एक विश्वासार्ह फरक आहे, कारण खोटी सुटका करणाऱ्याजवळ तो असूच शकत नाही.

सोडता न येणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न आपण बहुतेक वेळा टाळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या, जप्त प्राण्यांविषयीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत तीन पर्याय सांगितलेले आहेत: निसर्गात परत सोडणे, आयुष्यभर सांभाळणे, किंवा दयामरण. पहिला पर्याय सर्वांना हवासा वाटतो, पण सोडलेला प्राणी तिथल्या प्राण्यांना रोग देणार नाही, त्याचा मूळ प्रदेश तोच आहे आणि तो तिथे जगू शकेल, याची खात्री नसताना त्याला सोडणे ही त्या प्राण्यावरची आणि तिथल्या प्राण्यांवरची जोखीम आहे. दुसऱ्याला जागा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा निधी लागतो. तिसऱ्याचे नाव काढले की देणग्या आटतील, अशी भीती वाटते. ही भीती मला समजते, तरीही मला वाटते की वेदनेत खितपत ठेवलेला प्राणी अहवालात 'उपचार सुरू' या शब्दांखाली वर्षानुवर्षे झाकून ठेवण्यापेक्षा पशुवैद्याने कोणत्या निकषांवर कोणता निर्णय घेतला, हे लिहिलेले वाचायला देणगीदार तयार होतील. त्यांना तयार करणे विश्वस्तांच्या हातात आहे. आजन्म सांभाळणाऱ्या केंद्रांनी निदान ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज या २००७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे निकष समोर ठेवावेत: व्यापारासाठी प्रजनन नाही, प्राण्यांची विक्री नाही, आणि पाहुण्यांना वन्य प्राणी हाताळू देणे नाही.

देणगीदारांनाही यातून सूट नाही. रुग्णवाहिका, पिंजरा किंवा शस्त्रक्रियागृह यांवर नाव कोरता येते, म्हणून त्यासाठी पैसे मिळतात. सोडलेल्या पक्ष्याच्या मागे दोन महिने फिरणाऱ्या माणसाच्या वेतनासाठी, शवविच्छेदनासाठी किंवा नोंदी संगणकावर चढवण्यासाठी मिळत नाहीत. हा प्रश्न जुना आहे. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी पहिली संस्था स्थापन झाली, आणि दोनच वर्षांत तिच्या कर्जापायी तिचे सचिव आर्थर ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. त्या संस्थेला राजाश्रय आणि आरएसपीसीए हे आजचे नाव पुढे मिळाले. आज कोणाला कर्जापायी तुरुंगात जावे लागत नसेल, पण रोजच्या खर्चासाठी पैसे नसल्यामुळे खचून काम सोडणारे पशुवैद्य आणि काळजीवाहक मी पाहिले आहेत. आपण वाचवलेल्या जिवाचे पुढे काय झाले हे कधीच न कळणे, हाही त्या खचण्याचा एक भाग असतो, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते.

प्रत्येक प्राण्याला उपग्रह कॉलर लावता येणार नाही, हे मला माहीत आहे. तशी अपेक्षाही नाही. पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी, सस्तन प्राण्याच्या कातडीखाली मायक्रोचिप, कासवाच्या पाठीचे आणि बिबट्याच्या ठिपक्यांचे छायाचित्र, एवढ्याने निदान परत आलेला प्राणी ओळखू येतो. दरवर्षी सोडलेल्यांपैकी दहा-बारा प्राण्यांचा नीट मागोवा घेतला तरी पाच वर्षांत आपल्या पद्धतीत काय बिघडते आहे हे दिसू लागेल. सोडण्यापूर्वी मोठ्या पिंजऱ्यात उड्डाणाची आणि शिकारीची चाचणी घ्यावी. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून काही दिवस तिथेच खाद्य देत टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत जिथे शक्य असेल तिथे वापरावी. ज्या संस्थांकडे संशोधक नाहीत त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी बोलावे; असे काम करायला उत्सुक असलेले विद्यार्थी मला अनेकदा भेटले आहेत. नोंदी मिळाल्या की अपयशासह छापाव्यात, आणि दुसऱ्या संस्थेने छापलेल्या अपयशाचा तिच्याविरुद्ध वापर करू नये, एवढी समजूत आपापसांत असावी. नाहीतर पहिली प्रामाणिक संस्थाच सर्वांत आधी निधी गमावेल.

नोंदवहीचा नवा नमुना मी आखून ठेवला आहे. त्यात 'मुक्त' नंतर चार रकाने आहेत: ओळखीची खूण, पुन्हा दिसल्याची तारीख व ठिकाण, तेव्हाची अवस्था, आणि मृत्यू झाल्यास तपासलेले कारण. जुना क्रमांक पुन्हा उघडण्याची सोय त्यात आहे. ज्या संस्थेला तो हवा असेल तिला मी तो देईन, आणि कार्यकर्त्यांबरोबर बसून पहिले काही आठवडे नोंदी लिहायलाही मदत करीन. नमुन्याची पहिली ओळ मी त्या घारीची भरली आहे. तिथे तिचा एकच क्रमांक आहे, सोडल्याची तारीख आहे, चार दिवसांनी ती परत आल्याची तारीख आहे, आणि शेवटच्या रकान्यात लिहिले आहे: उपासमार, उड्डाणाची चाचणी झाली नव्हती.

आपली,
बचाव केंद्रातील एक जुनी नोंदलेखिका